गेट लावा, पण चालणाऱ्याची वाट मोकळी ठेवा

मूर्तिजापूरकर बंधू-भगिनींनो,

ले-आउटमध्ये एखादी घरफोडी झाली की काही दिवसांत रस्त्याच्या तोंडाशी लोखंडी गेट उभे राहते. सुरुवातीला ते रात्री अकराला लागते, पुढे नऊला. मग एक दिवस साखळी कायमचीच बसते आणि किल्ली कोणाकडे आहे हे शेजाऱ्यालाही सांगता येत नाही.

भीती खरी आहे. उन्हाळ्यात घर बंद करून गावी गेलेले कुटुंब परत येते आणि कपाट उघडे पाहते, तेव्हा काय वाटते हे आम्हाला समजते. पण चोर कंपाउंडवरून उडी मारून येतो. साखळी अडवते ती पहाटेच्या दूधवाल्याला, ट्यूशनला निघालेल्या पोरींना, रात्रीच्या गाडीने उतरून बॅग खांद्यावर टाकून घरी चालत निघालेल्याला.

साखळीखालून सायकल काढणारी शाळकरी मुलगी एकदा थांबून पाहा. सायकल आडवी करते, हँडल अडकते, दप्तर घसरून पुढे येते, आणि मागे तिची मैत्रीण ताटकळत उभी. घरकाम करणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "गेट लावलं का मले फेऱ्यानं या लागते, अन् तिकून ट्रक अंगावर येतेत." गल्ली बंद झाली की पायी माणूस मोठ्या रस्त्यावर ढकलला जातो. आपल्या तालुक्यातल्या मानापासून लोणीपर्यंत महामार्गाचा एका लेनच्या मापाने ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत टाकून जागतिक विक्रम झाला. गाड्यांसाठी एवढे होऊ शकते, तर चालणाऱ्यासाठी चार फूट वाट का मिळू नये?

आणि गेटवर हटकतात कोणाला? कारवाल्याला नाही. डोक्यावर पाटी असलेल्या बाईला, भंगारवाल्याला, मळक्या कपड्यांच्या मजुराला. याच गावात गाडगेबाबांनी धर्मशाळा उभी केली, अनोळखी माणसाला रात्रीचा आसरा मिळावा म्हणून. त्याच गावात अनोळखी माणसाला दिवसाढवळ्या रस्ता नाकारणे आम्हाला मान्य नाही.

संरक्षण आणि वाट एकत्र नांदू शकतात, हे वऱ्हाडाने दोनशे वर्षांपूर्वी करून दाखवले आहे. पेंढाऱ्यांच्या भीतीने अमरावतीभोवती १८०७ पासून परकोट बांधला गेला. पेंढारी म्हणजे गावेच्या गावे लुटणारी टोळधाड. तरीही त्या कोटाला पाच दरवाजे ठेवले आणि त्याखेरीज छत्रपुरी, पटेल, माता आणि खुनारी अशा चार खिडक्या, म्हणजे माणसांच्या येण्याजाण्याच्या लहान वाटा. आपल्यावर पेंढारी चालून आलेले नाहीत.

कायदाही स्पष्ट आहे. नकाशात रस्ता दाखवला म्हणूनच ले-आउट मंजूर झाला आणि प्लॉट विकले गेले. तो रस्ता नंतर चार घरांच्या मालकीचा होत नाही. सार्वजनिक वाटेत अडथळा करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली गुन्हा आहे, पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे. असा अडथळा हटवण्याचा आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकारी देऊ शकतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्यांचा फूटपाथवरचा हक्क घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कातच मोडतो, असे सांगितले.

गल्ली राखते ती वर्दळ. शहरांवर लिहिणाऱ्या लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ साली न्यूयॉर्कसारख्या शहरांतले रस्ते पाहून हेच मांडले, आणि ओट्यावर बसणाऱ्या आपल्या आजीबाईंनाही ते ठाऊक आहे. येणारे-जाणारे बंद केले की रात्री चोराला पाहणारेही कोणी उरत नाही.

म्हणून नगरपरिषदेकडे आमची मागणी अशी: रात्री मोटारींसाठी गेट लावायचेच असेल तर ते रीतसर परवानगीने, रहिवाशांच्या हरकती ऐकून. प्रत्येक गेटशेजारी किमान चार फुटांची, पायरी नसलेली, सायकल आणि व्हीलचेअर जाईल अशी वाट चोवीस तास उघडी हवी. मोटारसायकल घुसू नये म्हणून तिथे नागमोडी कठडा बसवावा, पण कुलूप नको. किल्ली कोणाकडे आहे ते नाव आणि फोन गेटवर लिहिलेले असावे, कारण १०८ ची गाडी रात्री दोनलाही येते. विजेच्या खांबावरचे बंद दिवे आधी लावा. पोलिसांनी रात्रीची गस्त वाढवावी, आणि गावी जाणाऱ्यांनी बंद घराची खबर ठाण्यात द्यावी.

तुमच्या गल्लीत साखळी असेल तर तिचा फोटो काढा, जागा आणि वेळ लिहा आणि अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे नगरपरिषदेच्या आवक विभागात द्या. पोच घ्यायला विसरू नका.

आपले,
पायी आणि सायकलने ये-जा करणारे मूर्तिजापूरकर