सन्मानाच्या अर्जातील एक ओळ

एखाद्या शास्त्रज्ञाला मानाचा पुरस्कार जाहीर झाला, की त्याचे शोधनिबंध किती, त्याच्या हाताखाली किती विद्यार्थी तयार झाले, हे वृत्तपत्रांतून आवर्जून छापले जाते. ते विद्यार्थी संध्याकाळी प्रयोगशाळेतून धडधाकट घरी परततात काय, हे मात्र कोणी विचारीत नाही. हा प्रश्न विचारला गेला पाहिजे, आणि तोही पुरस्काराचा निर्णय होण्यापूर्वी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात २९ डिसेंबर २००८ रोजी जे घडले, ते या संदर्भात विसरता येत नाही. नाताळच्या सुट्टीचा आठवडा होता. २३ वर्षांची शेरी संगजी ही नुकतीच पदवीधर झालेली संशोधन साहाय्यिका टर्शरी ब्यूटाइल लिथियम हे द्रव्य बाटलीतून प्लास्टिकच्या सिरिंजमध्ये ओढून घेत होती. हवेचा स्पर्श होताच पेट घेणारे हे द्रव्य! सिरिंजचा दट्ट्या निसटला, द्रव्य अंगावर सांडले आणि अंगातल्या स्वेटरसकट ती पेटली. तिने प्रयोगशाळेचा संरक्षक कोट घातलेला नव्हता. शरीराचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग भाजलेल्या अवस्थेत तिने अठरा दिवस झुंज दिली. १६ जानेवारी २००९ रोजी ती गेली.

पोरीचाच निष्काळजीपणा, असे म्हणून मोकळे होणारे तेव्हाही होते. परंतु अपघाताच्या दोनच महिने आधी झालेल्या तपासणीत त्याच प्रयोगशाळेतील माणसे कोट घालीत नाहीत, अशी नोंद झाली होती. त्रुटी दूर करण्यास मुदतही दिली होती. मुदत टळली आणि त्रुटी तशाच राहिल्या. विद्यापीठाला पुढे ३१,८७५ डॉलर दंड झाला. प्रयोगशाळेच्या प्रमुख प्राध्यापकांवर २०११ मध्ये फौजदारी आरोप ठेवण्यात आले. २०१४ मध्ये दहा हजार डॉलर आणि आठशे तासांची समाजसेवा या अटींवर ते प्रकरण मिटविण्यात आले. त्यांचे नाव येथे मुद्दामच देत नाही. आमचे भांडण एका माणसाशी नाही.

भांडण आहे ते पुढच्या घटनेशी. २०१५ च्या नोव्हेंबरात अमेरिकन असोसिएशन फॉर द अॅडव्हान्समेंट ऑफ सायन्स या मातब्बर संस्थेने याच प्राध्यापकांना आपले सन्माननीय ‘फेलो’ निवडले. ओरड झाली, तेव्हा डिसेंबरात निवड मागे घेण्यात आली. निवड समितीपुढे जे कागद आले, त्यांत या प्रकरणाचा उल्लेखच नव्हता, असा खुलासा झाला. तो खरा मानला, तरी मन अधिकच विषण्ण होते. एका मुलीचा मृत्यू एवढा गाजला आणि तरी सन्मानाच्या कागदांत त्याला जागा नव्हती!

सन्मान हा बुद्धीचा असतो, हातमोज्यांचा नव्हे, असा आक्षेप येईल. पण सन्मानित शोधासाठी रात्ररात्र जागून हात कोणाचे राबलेले असतात? आजच्या रसायनशास्त्रात प्रमुख स्वतः क्वचितच बाटली हाती धरतो. विद्यार्थ्यांच्या हातांनी झालेले काम तो आपल्या नावावर जमा करतो, आणि ती रीतच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मग त्याच हातांना झालेली इजा तेवढी विद्यार्थ्यांच्या खात्यावर का? अमेरिकेतील द्यू पाँ घराण्याने १८०२ साली दारूगोळ्याची गिरणी काढली, तेव्हा मालक आपल्या कुटुंबासह गिरणीच्या आवारातच राहत असे. स्फोट झाला तर त्याच्याही घराच्या भिंती हादरणार! प्राध्यापकाच्या मानसन्मानाला तेवढाच हादरा बसावा, इतकेच आमचे मागणे आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अपघात मोजू लागलात, तर ते दडपले जातील. हे खरे आहे, म्हणून अपघातांची संख्या मोजूच नये. शेवटच्या तपासणीत कोणते दोष निघाले आणि ते कोणत्या तारखेला दूर झाले, एवढेच विचारावे. थोडक्यात टळलेले अपघात ज्याने आपणहून नोंदविले, त्याच्या पदरात ते गुण म्हणून पडावेत. शिफारसपत्रे मोठ्या नावांचीच का असावीत? प्रयोगशाळा सोडून गेलेल्या दोघा-तिघा विद्यार्थ्यांनाही दोन ओळी लिहू द्याव्यात. आता त्यांना गुरूच्या नाराजीचे भय थोडे कमी असते.

हे दूरदेशीचे गाऱ्हाणे समजू नये. आपल्या घरांतील कितीतरी मुलेमुली रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र शिकत आहेत. लॉस एंजेलिसच्या दुर्घटनेला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, २९ डिसेंबर २००९ रोजी, मुंबईत ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेत आग लागून दोन तरुण संशोधक मृत्युमुखी पडले. ५ डिसेंबर २०१८ रोजी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत स्फोट होऊन आणखी एक संशोधक गेला. आपल्याकडील पुरस्कारांच्या अर्जांतही तपासणीच्या त्या तारखांसाठी एक ओळ मोकळी सोडावी, आणि ती कोरी राहिली तर अर्ज परत पाठवावा.