कृष्णधवल छायाचित्रातील लपलेला रंग

जांभळी नाक्यावरील जुन्या दुकानात असो वा फडके रोडवरील नव्या शोरूममध्ये, गादीच्या वरच्या भिंतीवर पेढी सुरू करणाऱ्या आजोबा-पणजोबांचे छायाचित्र असतेच. मूळ प्रत विटू लागली की दिवाळीच्या वहीपूजनाआधी ती स्कॅन करून नवी, मोठी प्रत छापून घेण्याचे घरात ठरते. सायंकाळी स्टुडिओच्या दिव्याखाली ही प्रत उत्तम दिसते. दुसऱ्या दिवशी दुकानात आणली की आजोबांची पांढरी पगडी हिरवट आणि गाल गुलाबी-जांभळे भासू लागतात. दोष स्कॅनवर टाकला जातो. पण बहुतेक वेळा स्कॅन निर्दोष असतो.

साध्या इंकजेट प्रिंटरमध्ये करडी शाई नसतेच. निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी या चार शायांचे सूक्ष्म ठिपके शेजारी शेजारी टाकून तो करड्या रंगाचा आभास निर्माण करतो. त्यातील एक शाई किंचित जास्त पडली की सारा चेहरा त्या छटेकडे झुकतो. रंगीत छायाचित्रात साडीचा लाल थोडा इकडेतिकडे झाला तर कोणाच्या लक्षात येत नाही. करड्यात मात्र डोळा क्षमा करत नाही. शिवाय ही मिश्र छटा प्रत्येक प्रकाशात निराळी दिसते. कापडाच्या व्यापाऱ्याला हे सांगावे लागत नाही. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात जुळेलच असे नाही, म्हणूनच गिऱ्हाईक कापड घेऊन दुकानाच्या दाराशी जाते.

मग फक्त काळ्या शाईनेच छापावे, असा उपाय काही जण सुचवतात. त्याने छटा फारशी बदलत नाही, पण उजळ भागात ठिपके विरळ पडून कपाळावर रवाळपणा येतो. खरा उपाय करड्या शाया असलेला प्रिंटर हाच होय. एप्सनने 2005 मध्ये काळी, फिकट काळी आणि अतिफिकट काळी अशा तीन शायांचा संच आणला. कॅननच्याही मोठ्या फोटो-प्रिंटरांत करड्या शाया असतात. अशा यंत्रात चित्राचा मुख्य भार करड्या शाया वाहतात आणि रंगीत शाई केवळ झुकाव देण्यापुरती पडते: थंड, समतोल, उबदार किंवा सेपिया. या चारांतील निवड स्टुडिओवर सोडू नये, ती कुटुंबानेच करावी.

‘जुना फोटो म्हणजे तपकिरी’ ही समजूत येथे घात करते. रेल्वे ठाण्याहून कल्याणला पोहोचली त्याच वर्षी, म्हणजे 1854 मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळचे नामवंत छायाचित्रकार. तेव्हाच्या अल्ब्युमेन कागदावरील चित्रे खरोखरच तपकिरी असत. त्या कागदावर अंड्यातील पांढऱ्या बलकाचा थर असे, हे वाचून अनेक घरांत भुवया उंचावतील. पुढच्या काळातील कागदावर जिलेटिन आले, तेही प्राणिजन्यच. आजच्या बहुतेक इंकजेट कागदांवर सिलिका किंवा अॅल्युमिनाचा थर कृत्रिम बंधकाने बसवलेला असतो; काही कागदांत मात्र जिलेटिन असते, तेव्हा ज्यांना ते वर्ज्य वाटते त्यांनी ऑर्डर देण्यापूर्वीच विचारावे. मुद्दा असा की 1970 च्या दशकात उटीच्या ‘इंदू’ कागदावर छापलेल्या चित्राचा स्वभाव करडा होता. त्याला आज गडद सेपिया चढवणे म्हणजे आजोबांना त्यांच्या आजोबांचे कपडे घालणे. मंद उबदार छटा पुरेशी होते.

पांढऱ्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. पांढरी शाई नसते. कागदाचा पांढरेपणा हाच धोतराचा वा साध्वीजींच्या वस्त्राचा पांढरेपणा. अतिशुभ्र कागदातील चमकद्रव्य दिवसाच्या उजेडात निळसर झाक देते आणि वर्षे गेली की विझून कागद पिवळट दिसू लागतो. म्हणून किंचित दुधी, चमकद्रव्यविरहित कागद बरा. चित्र ‘उठावदार’ करण्याच्या उत्साहात स्टुडिओवाले कॉन्ट्रास्ट वाढवतात आणि वस्त्राच्या चुण्या नाहीशा होऊन कोरा डाग उरतो. मॅट कागदावर काळा रंग ग्लॉसीइतका खोल जात नाही; तरी काचेमागे लावायच्या चित्रासाठी मॅटच शोभतो.

मोठी प्रत काढण्यापूर्वी त्याच प्रिंटरवर, त्याच कागदावर चेहऱ्याची छोटी पट्टी आणि शुभ्रापासून काळ्यापर्यंत पायऱ्यांची एक पट्टी छापून मागावी. सर्वांत फिकट दोन-तीन पायऱ्या आणि सर्वांत गडद दोन-तीन पायऱ्या वेगवेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. ताज्या शाईवर निर्णय घेऊ नये. एक पूर्ण दिवस, पावसाळ्यात त्याहून अधिक, वाळू द्यावे. मग पट्टी जिथे चित्र लागणार त्याच भिंतीवर दुपारी आणि दिवे लागल्यावर अशी दोनदा पाहावी. नंतर दुकानदाराने कागद बदलला तर पट्टी पुन्हा छापावी लागते, कारण कागदाबरोबर छटाही बदलते.

फ्रेम करताना काच चित्राला टेकू नये म्हणून मधे जाड पुठ्ठ्याची चौकट घालावी. मूळ प्रत स्कॅन होताच घरी आणावी, आणि स्कॅन करतानाच तिची मागची बाजूही घ्यावी. स्टुडिओचा शिक्का आणि कोणीतरी टाकाने लिहिलेली तारीख तिथेच असते.