आधी कान, मग कॅमेरा

मिरजेचे कारागीर तंबोऱ्यावर तारा चढवितात, पण तेवढ्याने काम संपत नाही. जवारी लावताना ते पुनःपुन्हा तार छेडतात आणि कान देऊन ऐकतात. सूर खुलला म्हणजेच वाद्य सिद्ध झाले. कॅमेरा हाती घेणाऱ्यालाही ऐकण्याचा हाच धडा हवा.

मिरजेच्या नैर्ऋत्येस असलेल्या निपाणीत तो एकदा गिरविला गेला. दीपा धनराज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली बंगळूर येथे ‘युगांतर’ हा स्त्रियांचा चित्रपटगट स्थापन केला. या गटाने निपाणीच्या तंबाखू-कामगार स्त्रियांच्या सहवासात चार महिने काढले, त्यांची गाऱ्हाणी ऐकली आणि मगच १९८२ मध्ये ‘तंबाकू चाकिला ऊब आली’ हा लघुपट पूर्ण केला. त्यात त्या स्त्रिया दयेचा विषय नव्हेत. आपल्या कष्टांची व संघटनेची कथा त्या स्वतःच सांगतात.

आज चित्र टिपण्याचे साधन कित्येक तरुणांच्या खिशात आहे. कळ दाबणे एका दिवसात येते. परंतु ज्याचे चित्र घ्यावयाचे, त्याचे म्हणणे ऐकावे, त्याची संमती घ्यावी, ही शिकवण सोपी नाही. म्हणूनच मुलामुलींना ती आधी दिली पाहिजे. ज्याला ऐकता येत नाही, त्याच्या चित्रात माणसे दिसतील, पण ती बोलणार नाहीत.