मागची जागा

दिवाळीनंतर धाकट्या भावाकडे काष्टीला गेलो, तो दिवस शनिवारचा होता. शनिवारी काष्टीत जनावरांचा मोठा बाजार भरतो, त्यामुळे घरातील पुरुषमंडळी दुकानात अडकलेली. नववीत शिकणारी पुतणी तेवढी मोकळी होती. तिने वही पुढे केली. पानभर एक गलेलठ्ठ, मिशाळ प्राणी : तोतोरो. हायाओ मियाझाकी या जपानी दिग्दर्शकाच्या १९८८ सालच्या चित्रपटातील हा वनप्राणी तिचा अत्यंत आवडता. आवडत्या पात्राचे आपल्या हाताने काढलेले असे चित्र म्हणजे 'फॅन आर्ट', हेही तिनेच मला शिकवले. रेघ स्वच्छ होती, डोळे अचूक होते. भोवतीचा कागद मात्र कोरा.

"हा उभा कुठे आहे?" मी विचारले.

"काका, मागचं मला जमतच नाही."

चित्रकला शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली. हे वाक्य मी किती वेळा ऐकले याची गणती नाही. मुले आधी पात्र पूर्ण करतात आणि उरलेल्या जागेत घाईने एक डोंगर व एक सूर्य बसवतात. वास्तविक मागची जागा ही उरलेली जागा नव्हेच. कल्पसूत्राच्या जुन्या सचित्र पोथ्या आठवून पाहा. तेथे आकृतींच्या मागे खोली नाही, सावली नाही. केवळ सपाट तांबडा रंग, जो पंधराव्या शतकात गडद निळ्याला आणि सोन्याला वाट देत गेला. पण तो रंग काढून घ्या, आकृती पोरक्या होतात. कोल्हापूरच्या आनंदराव व बाबूराव पेंटर या बंधूंनी केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श नाटक मंडळीसाठी पडदे रंगवले. पुढे १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट काढणाऱ्या बाबूरावांनी चित्रपटात मात्र रंगवलेल्या पडद्यांपेक्षा घडीव देखाव्यांवर भर दिला, हे मला नेहमीच मौजेचे वाटत आले आहे. आणि या तोतोरोच्या मागची ती हिरवी, ओलसर झाडी? तिचे कलादिग्दर्शक काझुओ ओगा. पोस्टर कलरने कागदावर रंगवलेली ती झाडी आधी, पात्रे तिच्यावर पारदर्शक पत्र्यांवरून हलणारी. पुतणीला हे नाव ठाऊक नव्हते.

आम्ही वही घेऊन बाजारात गेलो. धूळ, बैलांची रंगवलेली शिंगे, ताडपत्र्या, शेळ्यांचा एकच गलका. "सगळं काढू नकोस," मी म्हटले, "आधी डोळ्यांच्या उंचीची आडवी रेघ मार." सपाट मैदानावर उभे राहून पाहिले, तर आपल्या उंचीची माणसे जवळ असोत की दूर, त्यांचे डोळे त्याच रेघेवर येतात, दूरच्याची पावले तेवढी वर सरकतात. हे तिला प्रथम खोटेच वाटले. मग एक डोळा मिटून, पेन्सिल आडवी धरून तिने दहा-बारा माणसे तपासली आणि हसू लागली. दूरची लिंबाची झाडे फिकट व किंचित निळसर ठेवायची, कारण मध्ये धुळीची हवा आहे. जवळचा बैल गडद. तोतोरोच्या चेहऱ्यामागे गर्दी नको, तेथे धूळच असू दे. एवढेच सांगितले. बाकी तिचे तिने पाहिले.

चित्र उतरले ते खरोखर देखणे. बैलबाजाराच्या कडेला, लिंबाखाली, छत्री धरून तोतोरो उभा. तिने ते नातेवाइकांच्या मोबाइल गटावर पाठवले, तेथून ते गावभर फिरले. आठवड्याने तिचा फोन आला, रडवेला. कोणीतरी ते चित्र शुभेच्छापत्रावर छापले होते आणि कोपऱ्यातील तिची सही कापून टाकली होती.

"आपण काय करायचं, काका?"

त्यांना सांगायचेच, असे मी म्हणालो. मग विचारले, "तू चित्राखाली कोणाचं नाव लिहिलं होतंस?"

"माझं."

"आणि तोतोरो कोणाचा?"

बराच वेळ ती बोलली नाही. मला तिचे मौन परिचयाचे होते. सातवीत असताना दिनदर्शिकेवरील एक चित्र मी घोटून घोटून काढले, स्पर्धेत ठेवले आणि पहिले बक्षीस घेतले. स्वतःची कल्पना का, असे परीक्षकांनी विचारले तेव्हा मी मान हलवली. ते प्रमाणपत्र आजही आईच्या ट्रंकेत आहे. मी ते कधी भिंतीवर लावले नाही. न दिलेले घेणे याला आपल्याकडे अदत्तादान म्हणतात, हे तेव्हाही मला पाठ होते.

नक्कल करणे दोषास्पद नाही. पोथ्या नकलूनच तर टिकल्या. त्यांच्या अखेरच्या पुष्पिकेत लेखकाचे, लिहवून घेणाऱ्या श्रावक-श्राविकेचे नाव पुष्कळदा सापडते. चित्रकाराचे मात्र क्वचितच. कोणाच्या हाताने तो तांबडा रंग भरला, हे आता कोण सांगणार? आवडीचे पात्र काढावे, चार जणांना दाखवावे, मूळ कर्त्याचे नाव घालावे. विकायचे झाल्यास हक्कधारकाची परवानगी हवी. आपल्या कायद्याने हा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे चालतो, आणि मियाझाकी तर हयात आहेत.

परवा तिने नवे चित्र पाठवले. कोपऱ्यात बारीक अक्षरात : 'तोतोरो हायाओ मियाझाकी यांचा, बाजार काष्टीचा, चित्र माझे.' शुभेच्छापत्रवाल्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही. भाऊ त्यांना पुन्हा भेटणार आहे. पुढच्या बैलाची शिंगे तिने निळी केली आहेत. ती तांबडी होती, मी पाहिली होती.