दाढेसाठी चार खाडे

आमच्या कार्यालयात चहा आणणाऱ्या मावशींचा गाल परवा चांगलाच सुजला होता. दाढेत लवंग धरून त्या काम करत होत्या. "काढूनच टाकते आता," म्हणाल्या. दाढ वाचली असती. पण जवळच्या सरकारी दवाखान्यात उपटण्यापलीकडे काही होत नव्हतं, आणि रूट कॅनालसाठी जिल्ह्याच्या गावाला तीन-चार खेपा! दर खेपेला एक खाडा, वर एसटीचं भाडं. खासगीतला आकडा ऐकून त्या नुसत्या हसल्या, तेही एकाच बाजूने.

कागदावर सोय आहे. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून चालू आहे. जिल्हा रुग्णालय आणि त्याखालच्या केंद्रांत दंत कक्ष उभारायला त्यातून राज्यांना मदत मिळते. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. पण खुर्ची असली तरी तिचा कॉम्प्रेसर चालू हवा, सिमेंट संपलेलं नको, डॉक्टरांची जागा भरलेली हवी. आयुष्मान भारतसारखी योजना मुख्यतः रुग्णालयात भरती होणाऱ्यांसाठी. जबडा मोडला तर तिचा उपयोग. दाढेतली कीड भरून घ्यायला कोण भरती होतं?

दात हा शरीराचा भाग नाही, हौस आहे, असं आपल्या यंत्रणेने कधी ठरवलं कोण जाणे.

मावशींनी सोमवारी दाढ काढली. मंगळवारी चहा वेळेवर आला. सोबतची शेंगदाण्यांची पुडी मात्र त्यांनी न फोडताच माझ्या टेबलावर ठेवली.