आधी विचारा, मग पाना उचला

वाचकहो, गेल्या महिन्यात एका रात्री आमच्या चाळीतील एक ताई दारात येऊन उभ्या राहिल्या. चार घरची धुणीभांडी करून त्यांनी मुलाला शिकविले. मुलगा दोन वर्षांपासून कुर्ल्याकडील एका गॅरेजमध्ये हेल्पर आहे. ताई म्हणाल्या, "भाऊ, पोराचा पगार कापणार म्हणतात. चौदा हजारांचा पंप त्याने खराब केला म्हणे. त्याचा महिन्याचा पगारच अकरा हजार. घरभाडं कशातून देऊ?"

आमची उभी हयात वर्कशॉपमध्ये गेली. निवृत्त झालो तरी हाताचा ऑईलचा वास गेला, असे आम्हांला वाटत नाही. मुलाला बोलावून घेतले. तो खाली मान घालून बसला होता. त्याने सांगितलेली हकीकत आज या सदरात देत आहोत, कारण आपल्या घराघरांतील कितीतरी मुले आज गॅरेजमध्ये, वर्कशॉपमध्ये, वायरिंगच्या कामावर आहेत. ही गोष्ट एका गाडीची आहे. पण केवळ गाडीची नाही.

गाडी होती दोन दारांची, दोन आसनांची, बुटकी, जुनी परदेशी स्पोर्ट्स गाडी. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही. जुन्या झालेल्या कोणत्याही गाडीत असे होऊ शकते. मालकाने ती सर्व्हिसिंगला दिली, आमच्या या मुलाने पेट्रोलचा फिल्टर बदलला. दुसऱ्याच दिवशी भर हायवेवर गाडी बंद पडली. सेल्फ फिरतो, पण इंजिन काही सुरू होत नाही. टो करून गॅरेजमध्ये आणली तर पहिल्याच सेल्फला सुरू! हेडमिस्त्रींनी पंपावर ठपका ठेवला, नवा पंप बसविला. दोन दिवसांनी सिग्नलला गाडी पुन्हा बंद. मग शेठ म्हणाले, "फिल्टर बसवताना ह्याने कचरा आत सोडला, पंप ह्यानेच घालवला." झाले! मुलाच्या पगारावर गदा आली.

ताई कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "आम्ही रॉकेलचा स्टोव्ह विझला की आधी टाकीत रॉकेल बघायचो, मग पिन मारायचो, मग हवा भरायचो. नवा स्टोव्ह आणायला नव्हतो पळत!"

वाचकहो, आमच्या मते त्या बाईने अर्धे ऑटोमोबाईल शास्त्र एका वाक्यात सांगितले. पेट्रोलच्या इंजिनालाही स्टोव्हसारखेच मोजके काही लागते. इंधन हवे, हवा हवी, ठिणगी हवी, सिलिंडरमध्ये दाब हवा आणि हे सारे नेमक्या वेळी हवे. गाडी पाच लाखांची असो की पन्नास लाखांची, इंजिन मालकाची श्रीमंती ओळखत नाही. गोव्यात 1990 च्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनी उघडी गाडी बनू लागली. दिसायला रुबाबदार, पण तिच्यात बसविलेले रेनोचे इंजिन साध्या छोट्या गाडीच्याच जातकुळीचे, बाराशे सीसीच्या आतले होते. तेव्हा बुटकी चकचकीत गाडी पाहून पोटात गोळा आणण्याचे कारण नाही.

आम्ही मुलाला विचारले, "गाडी बंद पडते तेव्हा कशी पडते? गचके खात, दम लागल्यासारखी, की चावी फिरवल्यासारखी एकदम?"

"एकदम, काका. दिवा विझावा तशी."

"थंड असताना की गरम असताना?"

"गरम झाल्यावरच. अर्धा-पाऊण तास उभी ठेवली की परत सुरू होते."

"आणि सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघितलास?"

मुलगा थोडा थांबला. मग हळूच म्हणाला, "बघितला काका. बंद पडल्यावर सेल्फ मारला तर काटा जागचा हलत नाही. थंड झाल्यावर मारला की थोडा उचलतो."

"हे शेठना सांगितलंस?"

"मला कोणी विचारलंच नाही. आणि हेल्परने बोललेलं चालत नाही तिथे."

आम्ही काही क्षण गप्प राहिलो. ज्या प्रश्नासाठी चौदा हजारांचा पंप बदलला गेला, त्याचे निम्मे उत्तर पहिल्या दिवसापासून या मुलाच्या डोळ्यांत होते!

असो. आता थोडे शास्त्र समजावून घेऊ. गचके खात, ओढ कमी होत गाडी बंद पडली तर बहुधा पेट्रोल कमी पडत असते. एका क्षणात बंद पडली तर बहुधा वीज किंवा सिग्नल तुटलेला असतो. "बहुधा" हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला आहे, कारण खात्री तपासणीनेच होते. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत ठिणगी कधी पाडायची आणि पेट्रोल कधी सोडायचे हे ईसीयू नावाची पेटी ठरविते. तिला इंजिन फिरते आहे हे कोण सांगतो? क्रँक सेन्सर. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये लोहचुंबकाभोवती केसासारख्या तारेचे वेटोळे असते. समोरून फ्लायव्हीलचे किंवा दात्यांच्या चाकाचे दाते गेले की तारेत थोडी वीज उमटते. पुष्कळ गाड्यांत या चाकाला साठ दात्यांची जागा असते, पण दोन दाते मुद्दाम गाळून अठ्ठावन्नच ठेवलेले असतात. त्या मोकळ्या जागेवरून पेटीला इंजिनाची नेमकी स्थिती कळते.

हा सेन्सर मुका झाला की पेटीला वाटते, इंजिन फिरतच नाही. मग ती ठिणगी देत नाही, इंजेक्टर उघडत नाही आणि पंपही बंद करते. हे सुरक्षिततेसाठीच असते. अपघातात इंजिन थांबले तर पंपाने पेट्रोल ओतत राहू नये, हा त्यामागील हेतू. पुष्कळ जुन्या गाड्यांत आरपीएमचा काटाही याच सिग्नलवर चालतो, म्हणून तोही पडून राहतो. आता गरम होण्याचे कोडे. जुन्या वेटोळ्याची बारीक तार आतून चिरलेली असते. उष्णतेने भाग प्रसरण पावले की चीर उघडते, थंड झाले की टोके पुन्हा टेकतात. स्पोर्ट्स गाडीचे बॉनेट बुटके, आतली जागा चिंचोळी, सायलेन्सरचा तापलेला पाईप हाताच्या अंतरावर. सिग्नलला उभी राहिली की आत वारा नाही. मग हा त्रास तिथे अधिक.

याच प्रकारचा दुसरा रोग पोर्शे 944 या जर्मन गाडीच्या मालकांना जगभर ठाऊक आहे. ही गाडी 1982 ते 1991 या काळात बनत होती. तिच्यात एकच रिले ईसीयूला आणि पेट्रोलच्या पंपाला, दोघांनाही वीज पुरवितो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्या रिलेतील डागाचे सांधे तडकतात, गाडी मध्येच बंद पडते आणि काही वेळाने शहाण्यासारखी सुरू होते. म्हणून अनेक मालक एक जादा रिले गाडीतच बाळगतात. लक्षण सारखे, रोग वेगळा! म्हणूनच केवळ लक्षणावरून सुटा भाग बदलू नये.

रविवारी शेठची परवानगी घेऊन आम्ही गॅरेजवर गेलो. शेठ म्हणाले, "बघा मास्तर, पण पैसे मी देणार नाही." आम्ही म्हटले, "पैसे नकोत. आज पाना उचलायचाच नाही, फक्त बघायचे आहे."

बॉनेट बंद ठेवून गाडी उभ्या जागी चालू ठेवली. पस्तीस-एक मिनिटे गेली आणि दिवा विझावा तशी ती बंद पडली. थंड गाडीत रोग लपतो, तेव्हा रोग हजर असतानाच तपासणी करायची, हा पहिला नियम.

सेल्फ मारला. सेल्फ जोमात फिरला, म्हणजे बॅटरी ठीक. नुसती टिकटिक झाली असती तर बॅटरी, तिची टर्मिनले आणि अर्थिंग पाहिले असते. आवाज दाब घेत घेत येत होता. तो सुईंऽऽ असा सपाट आणि हलका आला असता तर टायमिंग बेल्ट तुटल्याची शंका धरून सेल्फ मारणे तत्काळ थांबविले असते, कारण पुष्कळ इंजिनांत अशा वेळी पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून ते वाकतात. चावी चालू करताच पंपाची दोन-तीन सेकंद घरघर ऐकू आली, इंजिनचा दिवा लागला, चोरीरोधक दिवाही नेहमीसारखा विझला. म्हणजे ईसीयूला वीज मिळते आहे, रिले जागा आहे. गेजवर पेट्रोलचा दाब पाहिला, तीन बार. या गाडीला तेवढाच लागतो. पंप आणि फिल्टर, दोघेही निर्दोष!

मग ठिणगी. आम्ही टेस्टर लावला. मुलांनो, उघडी वायर हातात धरून ठिणगी पाहण्याची मर्दुमकी करू नका. कॉइलचा दाब हजारो व्होल्टचा असतो. ठिणगी नाही. इंजेक्टरच्या प्लगला चाचणीचा छोटा दिवा लावला. तोही लुकलुकला नाही. ठिणगी आणि इंजेक्टर, दोन्ही एकदम गेले म्हणजे दोघांचा सामायिक धनी शोधायचा. ईसीयूला वीज आहे, हे आधीच पाहिले होते. उरला क्रँक सेन्सर.

त्याचा प्लग काढून सेन्सरच्याच टोकांवर मीटर लावला. वायरिंगवर नव्हे, नाहीतर दोष तारेचा की सेन्सरचा, हे कळले नसते. मीटरने तार तुटलेली दाखविली. मग मुलाला ओले फडके आणायला सांगितले. सेन्सरवर ते दहा मिनिटे ठेवले, पुन्हा पुन्हा गार पाण्यात बुडवून. मीटरवर आठशे-साडेआठशे ओहम दिसू लागले. प्लग लावला, सेल्फ मारला, आरपीएमचा काटा उचलला आणि गाडी सुरू झाली. एक इशारा देतो. ही ओहमची चाचणी वेटोळ्याच्या सेन्सरचीच. तीन तारांच्या हॉल पद्धतीच्या सेन्सरला ती लागू नाही.

नवा सेन्सर आणून बसविला. तरीही आम्ही उठलो नाही. पुन्हा बॉनेट बंद, तासभर इंजिन चालू, मग रस्त्यावर फेरी. ज्या परिस्थितीत रोग दिसला, त्याच परिस्थितीत तो गेल्याचे दिसले, तरच काम पुरे झाले.

आता पंपाचा प्रश्न राहिला. आम्ही विचारले, "जुना पंप कुठे आहे?" मुलगा आत गेला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला पंप घेऊन आला. भंगारात टाकायला सांगितले होते, त्याने टाकला नव्हता! टाकीत पुन्हा तोच बसविला, गेज पाहिला, तीन बार. कचऱ्याने पंप जळाला ही गोष्ट तिथेच संपली. शेठ काही बोलले नाहीत. नवा पंप पुसून फळीवर ठेवला. माफी कोणी मागितली नाही, तशी अपेक्षाही नव्हती. पगार मात्र पूर्ण झाला.

काही तरुण वाचक म्हणतील, आता स्कॅनर आहे, तो सांगतोच की. खरे आहे. अमेरिकेत 1996 पासूनच्या मोटारींना ठरावीक पद्धतीचा तपासणी-प्लग सक्तीचा झाला आणि पी-0335 हा कोड क्रँक सेन्सरच्या सर्किटचा, हे जगभरच्या मिस्त्रींना पाठ आहे. पण तो सर्किटचा कोड आहे. त्यात सेन्सर आला, वायर आली, प्लगही आला. कोड दिशा दाखवितो, निकाल देत नाही. निकाल माणसानेच द्यायचा.

आणि पगाराचे म्हणाल, तर कायदाही काही सांगतो. 1936 च्या पगारविषयक कायद्यात आणि पुढे त्याच्या जागी आलेल्या 2019 च्या वेतन संहितेत एकच तत्त्व आहे. नुकसानीपोटी कपात करायची तर ते नुकसान थेट कामगाराच्या हलगर्जीपणामुळे झालेले असले पाहिजे आणि कपातीपूर्वी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. "शेठ म्हणाले म्हणून" हे कारण पुरेसे नाही.

तेव्हा गॅरेजमध्ये, वर्कशॉपमध्ये राबणाऱ्या मुलांनो, दोन रुपयांची का होईना, एक वही खिशात ठेवा. कोणत्या दिवशी कोणते काम केले, गाडी कशी बंद पडली, काटा हलला की नाही, सारे लिहा. काढलेला जुना भाग काम संपेपर्यंत टाकू नका. आणि जे डोळ्यांनी पाहिले ते नम्रपणे पण स्पष्ट बोला. हेल्परच्या तोंडून निघाले म्हणून खरे खोटे होत नाही. आईबापांनो, तुम्हीही रात्री जेवताना मुलाला विचारा, आज कामावर काय पाहिलेस? घरात बोलायची सवय लागली तर तो बाहेरही बोलेल.

परवा तो मुलगा घरी आला होता. खिशातून नवी वही काढून त्याने आम्हांला दाखविली. पहिल्या पानावर तारीख, गाडीचा नंबर आणि खाली एकच ओळ लिहिली होती. गरम असताना काटा हलत नाही.