पाण्यास पाहावे, आजमावू नये

आषाढसरी येऊन गेल्या, शिवारात सोयाबीन व तूर हिरवी दिसू लागली, की मालेगावात घरोघरी रविवारच्या सहलीची भाषा सुरू होते. कोणी लोणारच्या काठावरील धारेचे नाव काढतो, कोणी चिखलदऱ्याचे. परंतु पुष्कळांचे मन अखेर सहस्रकुंडावर येऊन स्थिरावते. ही हौस आम्हांस मुळीच गैर वाटत नाही. वर्षातील आठ महिने पाण्याचा हिशेब करीत राहणाऱ्या वऱ्हाडातील माणसाला एक दिवस भरलेले पाणी डोळे भरून पाहावेसे वाटले, तर त्यात नवल ते काय?

सहस्रकुंडाशी तर आपले नातेही आहे. बुलढाणा जिल्ह्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावणारी पैनगंगा आपल्या वाशीम जिल्ह्यातून वाहत पुढे जाते आणि सहस्रकुंडाशी काळ्या पाषाणावरून अनेक धारांनी खाली कोसळते. तिच्या एका तीरास विदर्भातील यवतमाळ जिल्हा, तर दुसऱ्या तीरास मराठवाड्यातील नांदेड जिल्हा. आम्ही पूर्वी शाळेत शिकवीत असता ‘नदीचे खोरे’ हे दोन शब्द फळ्यावर कितीदा तरी लिहिले; परंतु आपल्या जिल्ह्यातील शेताबांधावरून ओघळलेले पाणीही या धारांत आहे, हे तेथे उभे राहून मुलास सांगितले असता जो बोध होतो, तो फळ्यावरून होत नाही.

तथापि जी गोष्ट कौतुकाची, तीच भयाचीही आहे. सहस्रकुंडाच्या वरच्या अंगास याच नदीवर इसापूरचे धरण आहे. धबधब्यापाशी लख्ख ऊन पडलेले असावे, आणि वरच्या खोऱ्यात पाऊस झाल्याने अथवा धरणाचे दरवाजे उघडल्याने नदी चढू लागावी, असे घडू शकते. पाण्याची पातळी ठरते ती डोक्यावरील आभाळावरून नव्हे, तर कित्येक कोस दूर झालेल्या पावसावरून. खडकावर बसून डबा सोडणाऱ्यास हे ठाऊक नसेल, तर घाटावरून मागे फिरण्यास मिळणारा अवधी फारच थोडा असतो.

ही भीती काल्पनिक नाही. 30 जून 2024 रोजी, रविवारी, लोणावळ्यास भुशी धरणाच्या परिसरातील ओढ्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत चार लहान मुले होती. एकमेकांस घट्ट धरून ते प्रवाहाच्या मध्यभागी उभे होते आणि काठावरील माणसे हताशपणे पाहत होती. त्यानंतर वर्षभरातच, 15 जून 2025 रोजी, पुणे जिल्ह्यातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला व चार जणांस प्राण गमवावे लागले. तोही रविवारच होता. दोन्ही ठिकाणी माणसे काही अघोरी साहस करण्यास गेली नव्हती. ती आपल्यासारखीच, सुटीच्या दिवशी मुलाबाळांसह निघालेली होती.

अशा दुर्घटनेनंतर बंदीहुकूम निघतात. ते आवश्यक असतीलही. परंतु अपघातानंतर निघालेला हुकूम गेलेल्यास उपयोगी पडत नाही. धोक्याची रेषा आखणे, तेथे ठळक मराठीत फलक लावणे, धरणातून पाणी सोडण्यापूर्वी भोंगा वाजविणे, आणि पावसाळ्यातील सुट्यांच्या दिवशी पोहणारी माणसे व दोर काठावर तयार ठेवणे, ही कामे पाऊस पडण्यापूर्वीची आहेत. यवतमाळ व नांदेड या दोन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनांनी, ‘तो काठ त्यांचा’ असे न म्हणता, ती संगनमताने करावीत, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.

परंतु सारा भार सरकारावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. सहलीचा बेत ठरविताना आपल्या घरी पुरी-भाजी की दशम्या, यावर तासभर खल होतो. नदीस पाणी किती, हे मात्र कोणी विचारीत नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी इसापूरच्या विसर्गाची बातमी पाहावी. वाशीम, पुसद, उमरखेड असा पल्ला लांबचा आहे; म्हणून पहाटेच निघावे आणि दिवस मावळण्यापूर्वी परतीचा बराच रस्ता तोडावा. मंडळीत एकास प्रमुख नेमावे व त्याचा शब्द वडीलधाऱ्यांनीही मानावा. तेथील गावकऱ्यांनी ‘पुढे जाऊ नका’ म्हटले, तर त्यांच्याशी वाद घालू नये. ते त्या नदीस बारा महिने ओळखतात. शेवाळलेल्या खडकावर छायाचित्रासाठी मुलांस उभे करण्याचा मोह आवरावा. म्हातारी माणसे व तान्ही मुले बरोबर असतील, तर लांबच्या धबधब्यापेक्षा जवळचे लोणार बरे. गोमुखातून पडणारी तेथील धार व ते प्राचीन सरोवर यांत दिवस सहज निघून जातो.

आणि पाणी चढल्याचे कळले तर? तर बेत पुढील रविवारवर ढकलावा. मुले एक दिवस रुसतील, रुसू द्यावीत. रुसलेली मुले संध्याकाळी घरातच असतात, याहून मोठे समाधान आईबापांस दुसरे कोणते?